सरकती कामवेळ आणि कामगाराचा हक्क

इंदूरच्या मालवा मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे, त्यांस कामाची वेळ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. भोंगा झाला की फाटक बंद. परंतु याच भोंग्यात कामगाराचे संरक्षणही होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाल्यावर त्याच्या वेळेवरचा मालकाचा हक्क संपत असे. हा भोंगाच काढून टाकला तर काय होते, याचा अनुभव जर्मनीने घेतला आहे.

१९६७ साली म्युनिकजवळ ओटोब्रुन येथे विमाने बांधणाऱ्या एका कंपनीत सरकती वेळ सुरू झाली. सगळे नोकर एकाच वेळी येत व फाटकाशी मोटारींची कोंडी होई, म्हणून हा उपाय. मधले काही तास सर्वांनी हजर असावे. आधी-नंतरचे तास ज्याने त्याने सोयीने भरून द्यावेत. मूल शाळेत पोचवून कामावर जाणाऱ्या आईस याचा लाभच झाला.

प्रश्न निघतो तो वेळ कोण सरकवितो हा. १९८४ साली धातुकामगारांच्या आय. जी. मेटाल या संघाने पस्तीस तासांच्या आठवड्यासाठी मोठा संप केला. तडजोडीत साडेअडतीस तास पदरात पडले, पण ते सरासरीने! कोणास ३७, कोणास ४०, अशी वाटणी करण्याची वाट मालकांस मोकळी झाली.

या 'सरासरी'चे गणित पाटीवर मांडून पाहावे. तेथील १९९४ चा कायदा रोज आठ तास ठरवितो. परंतु चोवीस आठवड्यांची सरासरी आठ राहत असेल तर दिवसास दहा तास चालतात. सहा दिवसांचा आठवडा धरा. बारा आठवडे रोज दहा तास म्हणजे ७२० तास; पुढचे बारा आठवडे रोज सहा, म्हणजे ४३२. बेरीज ११५२, दिवस १४४, भागाकार बरोबर आठ. माझ्या वर्गातील मुले हे चुटकीसरशी सोडवितील. पहिले बारा आठवडे यंत्रापाशी काढलेल्या माणसाची पाठ मात्र या भागाकाराने दुखायची थांबत नाही.

म्हणूनच तेथे दोन बंधने आहेत. एका दिवसाचे काम संपून दुसरे सुरू होईपर्यंत सामान्यतः सलग अकरा तास विश्रांती हवी. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे जेथे कामगार-मंडळ आहे तेथे कामाच्या आरंभाची व शेवटाची वेळ मालकास त्याच्या संमतीवाचून ठरविता येत नाही.

तरी एक फट राहिली होती. पुष्कळ कचेऱ्यांनी 'विश्वासाची वेळ' म्हणून हजेरीची नोंदच सोडली. नोंद नाही, तर जादा तास सिद्ध कसे करावे? १४ मे २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पेनमधील एका खटल्यात रोजच्या तासांची मोजणी मालकाने ठेवलीच पाहिजे असा निर्णय दिला. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जर्मनीच्या वरिष्ठ कामगार न्यायालयापुढे एक कामगार-मंडळ अशीच नोंद मागत होते. त्याचा दावा फेटाळला गेला. कारण ऐकण्याजोगे आहे: नोंद ठेवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आधीपासूनच आहे, मंडळाने ती सुरू करविण्याचा प्रश्नच उरत नाही.