बारा वर्षांची वहिवाट

आमच्या सांगोल्याकडची माणसं पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेली आणि मागे जिराईत रानं पडीक राहिली. आमचंही रान तसंच होतं. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यानं ट्रॅक्टर लावून सामाईक बांध कोरला आणि लगेच आमच्या पट्ट्यात डाळिंबाचे खड्डे काढले. विचारायला गेलो तर म्हणाला, "आमची वहिवाट हाय. बारा वर्सं झाली की रान आमचंच."

त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणूनच धोक्याचं. 1963 च्या मुदत कायद्यानुसार खासगी जमिनीवर 12 वर्षं प्रतिकूल ताबा राहिला, तर मूळ मालकाचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला ही मुदत 30 वर्षं आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो, असा निकाल दिला. मात्र ताबा उघड, सलग आणि मालकाला न जुमानता असावा लागतो. तुमच्या परवानगीनं कसणाऱ्याचा ताबा नुसती वर्षं उलटली म्हणून प्रतिकूल होत नाही. पण परवानगी सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून रान कसायला देताना, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना, लेखी करार कराच.

मी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. चुन्याची रेघ पडली तेव्हा खड्ड्यांच्या दोन ओळी आमच्या रानात निघाल्या. मोजणीची 'क' प्रत जोडून 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावला आणि पट्टा परत मिळाला. हा मार्ग ताबा गेल्यापासून सहा महिन्यांतच खुला असतो. त्यानंतर दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध करत बसावं लागतं, आणि त्यात उमेदीची वर्षं जातात.

गावात बसून मिटवू म्हणणारे भले असतात. त्यांचं ऐका, पण बैठकीनं मुदत थांबत नाही. नोटिशीनं किंवा पोलिसांतल्या तक्रारीनंही थांबत नाही. समोरचा हटत नसेल तर मुदतीच्या आत दावा लावावाच लागतो.

ई-पीक पाहणीची नोंद दर हंगामात स्वतः करा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बाराच्या रकान्यात काय चढलंय तेही बघा. हद्दीवर दगड रोवा, तारेचं कुंपण घाला, त्याचे तारखेसह फोटो ठेवा. आणि ज्यांचं रान गावाकडे पडून आहे, त्यांनी मोजणीचा अर्ज उन्हाळ्याआधीच द्यावा. पेरण्या झाल्या की उभ्या पिकात मोजणी अवघड होते.