पार्सलचे भाडे : काटा आणि फूटपट्टी

कात्रजहून बाहेरगावी माल धाडणारे आपले कारागीर बांधव काट्यावरचे वजन पाहून भाडे धरतात. कुरिअरवाला मात्र खोकेही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात आणि दोन्ही वजनांतले जास्त ते लावतात. 40×30×25 च्या खोक्यात 3 किलो कापडी पिशव्या भरल्या, तर भाडे 6 किलोचे! त्याच घडी घालून 30×25×20 मध्ये बसवल्या, तर 3 किलोचेच. म्हणून आम्ही म्हणतो, कुरिअर बदलण्याआधी खोके बदला. सातारा-कोल्हापूरकडे जड गठ्ठे जात असतील, तर ट्रान्सपोर्ट सहसा स्वस्त पडते. पण बिल्टी दाखवून गोदामातून माल गिऱ्हाइकालाच सोडवावा लागतो. ‘टू-पे’ पाठवलेला माल त्याने उचललाच नाही, तर दोन्हीकडचे भाडे आपल्या माथी. नव्या गिऱ्हाइकाकडून भाडे आगाऊच घ्यावे.