कागदी सजावट आणि कटिंग मशीन : खरेदीआधीचा हिशेब

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही सजावटीचे थर्मोकोल, प्लास्टिकचे झेंडे आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या देशभर बंद केल्या. बंदी सरकारी कागदावर किती आणि बाजारात किती, हा प्रश्न वेगळा. परंतु मखर, तोरण, झुंबर, पताका या मालात कागदाला पुन्हा जागा झाली आहे, एवढे मात्र खरे. त्यामुळेच खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या भागांतील काही बांधव आम्हाला विचारू लागले आहेत की, घरी कागद कापण्याचे मशीन घालून हा धंदा करावा काय?

आमचे उत्तर असे की, धंदा करावा, पण मशीन लगेच घेऊ नये. आधी गावातल्या रेडियमवाल्याकडे जावे.

मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर अक्षरे कापून देणारी रेडियमची दुकाने आपल्या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला आहेत. त्यांच्याकडे जो प्लॉटर असतो, तोच कागदही कापतो. त्यात एक बारीक पाते असते. संगणकावर काढलेल्या नमुन्याच्या रेषेवरून ते फिरते आणि कापत जाते. रेडियमला खाली जाड कागदाचा आधार असतो. वरचा थर कापला जातो, आधार शाबूत राहतो. साध्या कागदाला असा आधार नसतो. आम्हीही पहिल्या वेळी ही चूक केली. एका ओळखीच्या दुकानात पतंगी कागद तसाच मशीनला लावला आणि चाळीस ताव चुरगळून घेतले. दुकानदार म्हणाले, "कागद हे काम नाही या मशीनचे." दोष मशीनचा नव्हता, आमचा होता.

कागद चिकट मॅटवर लावूनच मशीनमध्ये घालावा लागतो. मॅट म्हणजे जाडसर प्लास्टिकची शीट, वर पुन्हा सुटणाऱ्या गोंदाचा थर. नवी मॅट फार चिकट असते. पहिल्या वापराआधी तिच्यावर सुती कापड दोन-चारदा दाबून उचलावे, म्हणजे चिकटपणा बेताचा होतो. कापून झाल्यावर कागद ओढून काढू नये. मॅट उलटी करून कागद टेबलावर टेकवावा आणि मॅट वाकवत मागे घ्यावी. कागद सपाट राहतो, त्याला वळ्या पडत नाहीत. मॅटवर धूळ व कागदाचा भुसा बसला की पकड जाते. कोमट पाण्याने व साबणाने हलके धुऊन सावलीत वाळवली की ती आणखी काही दिवस चालते.

रेडियमसाठी बहुधा ४५ अंशांचे पाते असते. घोटीव कागद आणि पातळ कार्डशीट त्याने कापता येते. २५० जीएसएमच्या आसपासच्या जाड कार्डशीटला ६० अंशांचे पाते बरे. पाते एवढेच बाहेर ठेवावे की, कागद पूर्ण कापला जाईल आणि मॅटवर फक्त ओरखडा उमटेल. वेग रेडियमच्या मानाने बराच कमी ठेवावा. प्रत्येक नव्या कागदावर प्रथम कोपऱ्यात छोटा चौकोन व त्यात त्रिकोण कापून पाहावा. त्रिकोणाचे टोक फाटले तर वेग अजून कमी करा किंवा पाते बदला. बोथट पात्याने काम रेटणे म्हणजे पात्याचे पैसे वाचवून कागदाचे घालवणे होय.

गणपतीचा सीझन भर पावसाळ्यात येतो. ओलसर हवेत कार्डशीट ओलावा धरते, वाकते आणि पात्याखाली तंतू सुटतात. ताव पत्र्याच्या पेटीत ठेवावेत आणि लागतील तेवढेच बाहेर काढावेत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करीत आले. तो कागद कंदिलाला शोभून दिसतो. पण त्याची जाडी सारखी नसते आणि तंतू लांब असतात, म्हणून मशीनला तो जड जातो. तो कात्रीने किंवा छिन्नीनेच कापावा.

छिन्नीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ताजियाची जाळी करणारे कारागीर पतंगी कागदाची थप्पी लावून छिन्नी-हातोड्याने एका ठोक्यात अनेक ताव कापतात. प्लॉटर एका वेळी एकच ताव कापतो. एकाच नमुन्याच्या हजारो पताका करायच्या असतील तर छिन्नी किंवा डाय-पंचिंगच स्वस्त पडते. तिथे प्लॉटरच्या नादी लागू नये. प्लॉटरचे काम ते, जिथे प्रत्येक गिऱ्हाइकाचा मजकूर वेगळा : लग्नातील नावे, वाढदिवस, अकीका, हजहून परतणाऱ्यांचे स्वागत, शाळेचे स्नेहसंमेलन.

आणि अक्षरांचे काम आले की लिपीचा प्रश्न येतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द एकसंध सुटतो. 'ईद मुबारक' कापले तर दोनच तुकडे हाती येतात, दोरा ओवला की माळ तयार. हेच उर्दूत कापा. ऐन-ये-दाल जोडून एक तुकडा, मीम-बे-अलिफ दुसरा, रे तिसरा, काफ चौथा, आणि तीन नुक्ते वेगळे : असे एकूण सात तुकडे. नुक्ते मॅटवरच राहून जातात आणि हरवतात. यावर दोन उपाय आहेत. एक, मागे दुसऱ्या रंगाची पट्टी ठेवून सर्व तुकडे तिच्यावर चिकटवणे. दुसरा, पट्टीतून अक्षरेच कापून काढणे, म्हणजे मजकूर पोकळ दिसतो आणि नुक्त्यांच्या जागी भोके पडतात. या दुसऱ्या पद्धतीत 'मीम'च्या डोळ्यासारख्या बंद जागा गळून पडतात, त्यांना बारीक दांडी ठेवावी लागते. मराठीतही अनुस्वाराचा टिंब असाच गळतो.

कोरलमध्ये किंवा इनपेजमधून आणलेल्या मजकुराला आधी कर्व्ह करून मग वेल्ड करणे विसरू नये. नाहीतर जिथे एका अक्षरावर दुसरे अक्षर चढते तिथे पाते दोन्ही रेषा कापते आणि शब्दाचे तुकडे पडतात. हे वेल्डचे काम रेडियमवाल्याला येतेच. फक्त त्याला सांगावे लागते.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, भाव तुम्ही आपल्या गावचे घाला. समजा एका झुंबराला कार्डशीट ८ रुपयांची, दोरा-गोंद ४ रुपयांचा, मशीनची झीज, पाते, मॅट व वीज मिळून ६ रुपये. मशीनला लागतात चार मिनिटे. पण घड्या घालणे, चिकटवणे, दोरा ओवणे यांत हाताची पंचवीस मिनिटे जातात. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर हे २५ रुपये झाले. एकूण ४३. दहातील एक नग खराब होतो असे धरले तर चांगला नग ४८ रुपयांना पडतो. घाऊक दुकानदार ४० देतो म्हणतो. म्हणजे नगामागे आठ रुपये घरातून गेले.

तरीही असे धंदे चालू असलेले दिसतात, याचे कारण एकच. घरातल्या आई-बहिणींचे हात हिशेबात फुकट धरले जातात. रात्री अकरापर्यंत त्या घड्या घालतात आणि नफा मशीनचा म्हणून सांगितला जातो. आम्हाला हा हिशेब मान्य नाही. ज्या वहिनी घडी घालतात त्यांची मजुरी आधी वहीत लिहावी, मग भाव ठरवावा.

वाट काढता येते. हेच झुंबर न जोडता, कापलेले व घडीच्या रेषा पाडलेले सुटे भाग, दोरा आणि चित्रासह सूचनेची चिठ्ठी असा संच पाकिटात घालून विकावा. वर धरलेल्या १८ रुपयांत पाकीट भरण्याचे ५ मिळवले तर २३, खराबी धरून सुमारे २६. चाळीसला विकला तरी १४ उरतात. शिवाय जोडलेली झुंबरे खोक्यात दहा-बारा मावतात, सपाट संच शंभर मावतात. एसटीच्या पार्सलला हा फरक फार मोठा आहे. सुटे भाग मुलांना जोडायलाही आवडतात.

माल कधी तयार ठेवायचा याचाही विचार हवा. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. २०२४ व २०२५ मध्येही एका दिवसाच्या अंतराने. त्या तिन्ही वर्षी दोन्ही सजावटींची मागणी एकदम अंगावर आली. २०२६ मध्ये मिलाद ऑगस्टच्या अखेरीस आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे दोन कामांत अंतर पडते. त्यानंतर नवरात्र, दिवाळी, लग्नसराई आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजाची जिजाऊ जयंती. कॅलेंडर समोर ठेवून दीड महिना आधी कागद आणावा. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भाव विचारून पाहावा.

१५ ऑगस्टच्या शाळांच्या ऑर्डरमध्ये एक धोका आहे. राष्ट्रध्वजाचे तोरण, माळ किंवा फूल करून सजावटीला वापरण्यास ध्वजसंहितेत मनाई आहे. अशोकचक्र घातलेली तिरंगी पताकांची माळ मागितली तर नम्रपणे नकार द्यावा आणि केशरी, पांढरी, हिरवी फुले किंवा कमानी सुचवाव्यात. हातात धरायचे कागदी झेंडे चालतात, पण ते नंतर जमिनीवर पडू देऊ नयेत, हेही शाळेला सांगावे.

पहिले दोन सीझन रेडियमवाल्याला नगावर पैसे देऊन काम करून घ्या. मॅट तुमची, कागद तुमचा, मशीन त्याचे. दुपारच्या वेळी त्याचे मशीन रिकामेच असते, तो भावही कमी करतो. दोन सीझनच्या वहीत दर महिन्याला मशीनची मजुरी म्हणून किती दिले ते बघा. ती रक्कम मशीनच्या किमतीच्या जवळ गेली तरच, आणि तीही साठवलेल्या पैशातून, मशीन घ्या. हप्त्यावर घेऊ नये. व्याजाचा प्रश्न तर आहेच. पण निव्वळ व्यवहारानेही, हप्ता बारा महिने येतो आणि कागदाचा धंदा फार तर पाच महिने.