उन्हाळी आंतरवासिता आणि राहुलाचा आरसा

महाविद्यालयांत शिकणारे आपले अनेक माजी विद्यार्थी उन्हाळ्यातील आंतरवासितेसाठी, म्हणजेच इंटर्नशिपसाठी, आता शिक्षणक्षेत्र निवडू लागले आहेत. संस्थेला याचे समाधान आहे. काम संपल्यावर त्यांना अहवाल लिहावा लागतो. त्या अहवालाविषयी आम्ही येथे काही विचार मांडू इच्छितो. पुष्कळ अहवालांत उपक्रमांची यादी असते, छायाचित्रे असतात, 'मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' हे ठरलेले वाक्य असते. मूल मात्र कोठेच दिसत नाही.

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शालेय आंतरवासितेला वीस आठवडे मिळाले. तेथे छात्राध्यापकाला चालू शाळा लाभते: घंटा, फळा, हजेरीपट, पाठटाचण तपासणारे मार्गदर्शक. उन्हाळ्यात आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीही नसते. मे महिन्यात वसतिगृह ओस पडलेले असते. मुक्ताईनगर परिसरातील त्या उन्हात जे शिकवायचे ते सकाळी लवकर, नाही तर दिवेलागणीनंतर विहारात. मुले आपापल्या गावी गेलेली; कोणी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर, कोणी केळीच्या बागेत, तर महिनाअखेरीस कोणी बागायती कापसाच्या लागवडीला.

ही अडचण आहे खरी, पण या कामाचे मोलही तिच्यातच आहे. जूनमध्ये जे मूल वसतिगृहात परतत नाही, ते बहुधा मे महिन्यातच शाळेपासून सुटलेले असते. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही, मुलगी मोठी झाली, मुलाच्या मजुरीची सवय लागली, अशी कारणे घरच्या ओट्यावरच ऐकू येतात; शाळेच्या कार्यालयात ती उशिरा पोहोचतात. आणि ती ऐकायला त्या दिवसांत वस्तीवर हजर असतो तो हा महाविद्यालयीन विद्यार्थी.

त्याने काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा एक जुना पाठ मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आहे. तथागत बालवयातील राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे तो उत्तर देतो. मग भगवान त्याला समजावतात की काया, वाचा व मन यांनी घडणारे प्रत्येक कर्म असेच निरखून पाहावे: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. पाली भाषेत याला पच्चवेक्खण म्हणतात. सम्राट अशोकाने बैराटजवळच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मग्रंथ नमूद केले, त्यांत राहुलाला केलेला उपदेश आहे. शिकवणाऱ्या माणसाला आजही याहून नेमकी पद्धत सापडणे कठीण.

पाचवीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवायचे आहेत असे समजू. शिकवण्यापूर्वी पाहावे की त्याला आधीच काय येते. अर्धा डझन केळी आणि पाव डझन केळी यांतला फरक तो क्षणात सांगतो. कागदावर मात्र एक छेद चार हा एक छेद दोनपेक्षा मोठा ठरवतो, कारण चार हे दोनपेक्षा मोठे. शिकवताना पाहावे की तो उत्तर शोधतो आहे की आपल्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावतो आहे. घरी तावडी किंवा लेवा बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीतला प्रश्नच न समजल्यामुळेही गप्प राहते. त्याला 'ढ' ठरवण्यापूर्वी प्रश्न त्याच्या बोलीत विचारून पाहावा. आणि नंतर, दोन दिवसांनी, आपण काहीही न सांगता तेच उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे. वाचेचे परीक्षणही यातच आले. 'एवढेही येत नाही?' हे तीन शब्द गणिताच्या चुकीपेक्षा जास्त दिवस टिकतात. सुत्तात आणखी एक सूचना आहे: काया-वाचेचे जे कर्म अकुशल ठरले, ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यांपुढे उघड करावे. अहवालात फसलेला तास लिहिण्याची परवानगी मार्गदर्शकांनी द्यायला हवी, ती याचसाठी. असा तास लिहिला म्हणून गुण कापले, तर विद्यार्थी पुढल्या वेळी उत्स्फूर्त प्रतिसादच लिहील!

वसतिगृह आणि लेखणी यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेथील विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवीत. आपल्याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत असत.

आमची सूचना एवढीच आहे की आंतरवासितेतील विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या अहवालाखेरीज एक साधी दोनशेपानी वही ठेवावी. एका मुलाला एक पान. त्यावर तारीख, काय विचारले, मूल काय म्हणाले, त्याच्या शब्दांत. आणि घरचे जूनबद्दल काय बोलतात. ही वही छायाचित्रांसाठी नव्हे आणि कोणाला दाखवण्यासाठीही नव्हे, कारण तिच्यात घराघरातील गोष्टी असतील. शाळा उघडण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी, म्हणजे कोणत्या वस्तीवर कोणाच्या घरी आधी जायचे, हे त्यांना हजेरीपट उघडण्याआधीच कळेल.