सरकारी दवाखान्यातून अंतरा इंजेक्शन असं घ्या

एवढ्यात मूल नको आहे आणि रोजची गोळी लक्षात राहत नाही? मग तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन तुमच्या सोयीचं. सरकार ते विकत घेऊन दवाखान्यांना पुरवतं, त्यामुळे तुम्हाला एक पैसाही पडत नाही. फक्त मागता आलं पाहिजे. चला, एकेक पायरी करू.

जवळ ठेवा: पाळीची तारीख, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मोबाइल.

पहिलं इंजेक्शन

1. पुढच्या वर्षभरात मूल हवंय का, ते ठरवा. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. तेवढं थांबायचं नसेल तर निरोध किंवा तांबीचं विचारा.

2. पाळी सुरू झाली की कॅलेंडरवर तारखेला गोल करा. त्या दिवसापासून सात दिवसांच्या आत इंजेक्शन घेतलं तर ते लगेच लागू पडतं. मध्येच कधी गेलात तर आधी दिवस राहिलेले नाहीत ना याची खात्री करतात, आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो. बाळ अंगावर पीत असेल तर बाळंतपणाला सहा आठवडे होऊ द्या.

3. आशाताईंना विचारा, डॉक्टर कोणत्या दिवशी असतात. पहिल्या खेपेला त्यांनी तपासलेलं हवं. आशाताईंच्या पिशवीत निरोध आणि गोळ्या असतात. इंजेक्शन मात्र त्या देत नाहीत.

4. केसपेपर काढा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तोही फुकट आहे. महापालिकेचे दवाखाने आणि मेडिकल कॉलेजं यात येत नाहीत. तिथे जाणार असाल तर सुटे पैसे जवळ ठेवा.

5. नाव घेऊन मागा: "मला अंतरा हवंय." "काहीतरी द्या" म्हटलंत की भलताच विषय निघतो. "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले, तर शांतपणे सांगा, सज्ञान बाईला साधन घ्यायला नवऱ्याची सही लागत नाही.

6. जुनी दुखणी सांगून टाका. स्तनाचा कॅन्सर, लकवा, यकृताचा आजार, किंवा अंगावरून जातंय पण कारण कळलेलं नाही, यातलं काहीही लपवू नका. अशा वेळी अंतरा चालत नाही.

7. बीपी मोजून घ्या. गर्दीत ही पायरी हमखास राहते, तेव्हा दंड स्वतःहून पुढे करा.

8. इंजेक्शन घ्या. दंडात, मांडीत किंवा कमरेवर देतात. नंतर ती जागा चोळू नका, शेकूही नका. औषध हळूहळू अंगात उतरायला हवं.

9. अंतरा कार्ड मागा आणि पुढची तारीख तिथेच वाचून घ्या. कार्ड न घेता निघालात तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागेल.

10. मोबाइलमध्ये त्या तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण लावा. ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतर, एवढी मुभा असते. तारीख 10 जून असेल तर 27 मे ते 8 जुलै. या मुभेवर विसंबू नका, ती अडीअडचणीसाठी आहे.

11. पाळीची नोंद ठेवा. मध्येच डाग पडणं, पाळी लांबणं आणि पुढे ती थांबणं हे अंतरामुळे होतं, त्यानं अपाय नाही. पण नेहमीच्या दुप्पट जात असेल किंवा आठ दिवसांवर चालू राहिलं, तर दवाखाना गाठा.

"साठा संपलाय" म्हणाले तर

12. रिकाम्या हाती परतू नका. तोवर निरोध किंवा छाया गोळ्या मागा. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. वार ठरवूनच सुरू करा, म्हणजे चुकणार नाही.

13. पुन्हापुन्हा तेच ऐकावं लागलं तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. "गेल्या सहा महिन्यांत अंतराच्या किती कुप्या आल्या, किती वापरल्या, आज शिल्लक किती? साठा नोंदवहीची प्रत द्यावी." एवढंच पुरे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून आपली कहाणी त्यात घालू नका.

14. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी माफ आहे, पण दाखल्याची प्रत जोडायला विसरू नका.

15. अर्ज तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच नसेल तर तीस दिवस मोजणार कुठून?

16. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो.

एवढं करूनही दिवस राहिले तर

17. शंका येताच लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे निश्चय किट मिळतं. "अंतरामुळेच पाळी आली नसेल" म्हणत मळमळीकडे काणाडोळा करू नका.

18. गर्भपात हवा असेल तर सरकारी किंवा मान्यता असलेल्या रुग्णालयातच जा. 1971 च्या कायद्यात 2021 साली सुधारणा झाली. साधन फसून दिवस राहिले असतील, तर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. लग्न झालेलं असो वा नसो. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तुमची लागते आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरीच घेऊ नका, जिवावर बेतू शकतं.

19. घरी जाण्याआधी पुढचं साधन सुरू करा. गर्भपातानंतर सात दिवसांच्या आत अंतरा घेतलं तर ते लगेच काम करतं. "पाळी आली की बघू" म्हणून थांबू नका. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.