शाळेतला संगणक : पोरांना नेमके काय शिकवावे?



आपल्या या पत्रिकेत बेणेप्रक्रिया, पाचट, ठिबक, हुमणी असे विषय आपण नेहमी वाचता. या अंकातला पाठ जरा निराळा आहे. पण शिवाराच्या बाहेरचा नाही. उसाची नोंद, तोडीचा निरोप, वजनाची पावती, बिलाचा संदेश, पीक विमा, बँकेची केवायसी, हे सगळे आजमितीस मोबाईलवर येते. आणि पुष्कळ घरांत तो मोबाईल वाचतो कोण? आठवी-नववीतला मुलगा, नाहीतर मुलगी. आजोबा म्हणतात, "बाळा, बघ रं काय आलंय ते." पोरगं बघतं, बोट लावतं आणि सांगतं. म्हणजे घरचा कारकून आज शाळेत जाणारे पोर झालेले आहे. त्याला संगणकाच्या तासाला काय शिकवतात, यावर घरच्या पैशाची राखण बरीचशी अवलंबून आहे. म्हणून हा विषय एकट्या मास्तरांचा नाही, आपलाही आहे.

१) यंत्र आले म्हणजे विद्या आली, असे नाही

आपल्या देशात शाळेत संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ साली झाला. केंद्र सरकारच्या त्या योजनेचे नाव 'क्लास'. सुरुवातीस सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांना 'बीबीसी मायक्रो' नावाचे इंग्लंडचे यंत्र दिले. इंग्लंडात हे यंत्र बीबीसी या नभोवाणी संस्थेच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी बनवलेले होते. तेथे यंत्राच्या जोडीला १९८२ पासून टीव्हीवर पाठ दाखवले, पुस्तके काढली. इकडे यंत्र आले, पण त्यातले बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत, आणि शिक्षकांना मिळालेले शिक्षण थोड्या दिवसांचे. ट्रॅक्टर दारात आणून उभा केला आणि नांगर जोडायचे कोणी दाखवले नाही, तर रान नांगरून होत नाही. तसेच हे.

पुढे डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. २०१८ पासून ती 'समग्र शिक्षा'त सामील झाली. २०२४-२५ च्या सरकारी शाळा-गणनेप्रमाणे देशातल्या ६४.७ टक्के शाळांत चालू संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे यंत्रे पुष्कळ शाळांत पोचली. आता प्रश्न उरतो तो त्यावर शिकवायचे काय, हा.

२) वारणेचा धडा

याबाबत आपल्याच धंद्यातले एक उदाहरण बघण्यासारखे आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. गावोगाव संगणक केंद्रे झाली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी कामे असे पुष्कळ बेत होते. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर शेतकरी मुख्यत्वे आपल्या उसाची माहिती बघायला येत होता : वजन किती भरले, खत किती उचलले, पैसे कधी निघणार. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरचा लघुसंदेश वापरून पाहिला. त्यावरही तेच काम होऊ लागले, आणि कमी खर्चात झाले.

यातून वारणेला कमीपणा येत नाही. उलट जे इतरांना पुढे कळले ते तिने आधी करून पाहिले. धडा एवढाच, की माणूस यंत्राकडे जातो तो कामासाठी. काम आधी, यंत्र मागून. शाळेतही हाच क्रम धरला पाहिजे. 'संगणकाचे भाग सांगा, माउसला बटणे किती' असे घोकून घेण्यात तास गेला, तर पोराच्या हाती काही लागत नाही.

३) पोरांना काय येते, काय येत नाही

'असर' या पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांविषयी सांगतो. सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे सांगणारी मुले ५७ टक्के. आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी ७६ टक्के. समाजमाध्यम वापरणाऱ्या मुलांपैकी त्रास देणाऱ्या खात्याला अडवणे किंवा त्याची तक्रार करणे जमते ते ६२ टक्क्यांना, आणि पासवर्ड बदलणे जमते ते सुमारे ५८ टक्क्यांना.

म्हणजे बघा, बोट फिरवायला शाळेने शिकवण्याची गरज राहिलेली नाही, ते पोर आपसूक शिकते. गाडी चालवता येते, ब्रेक कुठे आहे ते दहातल्या चार जणांना ठाऊक नाही, अशातली ही गत आहे.

आणखी एक गोष्ट. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के. घरी फोन मुलाच्या हाती आधी जातो. म्हणून शाळेतल्या संगणकावर मुलींचा हात पहिल्याने पडेल, हे मुद्दाम बघावे लागेल.

४) केरळने काय केले

केरळात 'आयटी ॲट स्कूल' हा कार्यक्रम २००१-०२ मध्ये सुरू झाला आणि २००५ पासून दहावीच्या परीक्षेत हा विषय आला. त्यांनी मोफत आणि खुली सॉफ्टवेअरे घेतली, ती मल्याळम भाषेत करून घेतली, आणि मुख्य म्हणजे शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले. बाहेरचा माणूस आला, शिकवून गेला, असे ठेवले नाही. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळाशाळांत आहेत. २०२२ साली खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात याचे पाठ पाचवी ते दहावीच्या लाखो मुलांना दिले. आपण घ्यावे ते एवढे : आपली भाषा, आपले शिक्षक आणि तपासून बघण्याची सवय.

५) करून बघण्याजोगे पाच पाठ

*पाठ पहिला : उसाच्या बिलाचा तक्ता.* संगणकावर तक्ते करण्याचे सॉफ्टवेअर असते. त्यात पोराला नकली दुकानाचा हिशेब देऊ नये, उसाचा द्यावा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३४० रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ. समजा, उतारा ११.२५ धरला. मग वाढ ३३.२० रुपये, दर क्विंटलला ३७३.२०, म्हणजे टनाला ३,७३२ रुपये. तोडणी-वाहतूक टनाला ८५० धरली तर राहिले २,८८२. ऊस ४२.५ टन असेल तर रक्कम १,२२,४८५ रुपये. हे आधी फळ्यावर करावे, मग तक्त्यात सूत्र घालून. नंतर उतारा ०.१ ने खाली आणून बघावा. टनाला ३३.२० रुपये कमी, एकूण १,४११ रुपये कमी, हे क्षणात दिसते. गणित, शेती आणि संगणक, तिन्ही एका तासात होतात. शिवाय यंत्राने दिलेले उत्तर हाताने ताडून बघायची सवय लागते.

*पाठ दुसरा : मराठीत लिहिणे.* युनिकोड टंकलेखनाने मुलांनी ग्रामपंचायतीला पाण्याबद्दल अर्ज लिहावा, तो जतन करावा, नाव देऊन ठेवावा आणि आठ दिवसांनी शोधून काढावा. साठवलेले परत सापडणे ही अर्धी विद्या आहे.

*पाठ तिसरा : संदेश तपासणे.* एखादा फिरणारा संदेश फळ्यावर लिहावा आणि चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? कधीचे आहे? मूळ ठिकाणी, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर किंवा वर्तमानपत्रात, आहे का? आणि हे खरे मानल्याने फायदा कोणाचा? मग एकच छायाचित्र घेऊन त्याखाली दोन निरनिराळ्या ओळी लिहायला लावाव्यात. पुराचे जुने छायाचित्र कालचे म्हणून कसे खपवता येते, हे पोराने स्वतः केले की त्याला पक्के कळते.

*पाठ चौथा : पैशाची राखण.* पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, समोरचा बँकेचा साहेब आहे म्हणाला तरी. 'पीएम किसान'च्या नावाने खोटी एपीके फाईल पाठवून लुबाडण्याचे प्रकार झालेले आहेत. अशी फाईल उघडू नये. फसवणूक झालीच तर घरात लपवून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा हातचा जातो. हा पाठ मुलांनी घरी आईला, आजीला शिकवावा, हाच त्याचा गृहपाठ.

*पाठ पाचवा : यंत्राला विचारणे.* हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरे विचारल्या प्रश्नाचे उत्तर झटकन देतात. उत्तर सफाईदार असते, पण खरेच असेल असे नाही. वर्गाने विचारावे, "आडसाली उसाला खत किती आणि कधी?" मग आलेले उत्तर कृषी विद्यापीठाच्या किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शिफारशीशी ताडून बघावे. कुठे जुळले, कुठे चुकले, ते वहीत लिहावे. यंत्राला विचारण्यास हरकत नाही. न तपासता रानात टाकण्यास हरकत आहे.

वीज नसेल त्या दिवशी पहिला, तिसरा आणि चौथा पाठ फळ्यावरही होतो. एका संगणकावर दोन मुले बसवावीत. एकाने सांगावे, दुसऱ्याने करावे, मग अदलाबदल. नाहीतर हुशार पोरगं माउस धरून बसतं आणि बाकीची नुसती बघत राहतात.

६) सभासदांनी शाळेत काय विचारावे

पालक सभेला आपण जातो, मार्क विचारतो आणि परत येतो. पुढच्या वेळी एवढे विचारून बघा :

१. आठवड्याला संगणकाचे तास किती, आणि ते खरोखर होतात का?
२. किती यंत्रे चालू आहेत? बंद पडले तर दुरुस्तीला पैसे कोठून?
३. शिकवणारे गुरुजी किंवा बाई शाळेतल्याच आहेत का? त्यांचे प्रशिक्षण कधी झाले?
४. मुलींना पुरेसा वेळ मिळतो का?
५. वर्षभरात मुलाने स्वतः केलेले एक काम दाखवता येईल का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची फीत आणि फलक सर्वांना दिसतो. पोराने केलेला तक्ता कोणी मागत नाही. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असे होऊ द्यायचे नसेल, तर मागितले पाहिजे. आणि शाळेला देणगी द्यायची वेळ आली, तर नव्या यंत्राइतकाच पैसा दुरुस्तीला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला ठेवावा.

यंत्रे बदलत राहतील. १९८४ चे यंत्र आज कुठे नाही, आजचे उद्या राहणार नाही. आकडा ताडून बघावा, निरोप तपासून घ्यावा, आणि पटले नाही तर "थांबा, आधी बघू" म्हणावे, ही सवय मात्र जन्मभर पुरते. काट्यावर उसाचे वजन आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. मोबाईलवर आलेल्या गोष्टीचेही वजन करायला आपल्या पोरांना शिकवून घेऊ या. या अंकातला पहिला पाठ येत्या रविवारी घरच्या पावत्या घेऊन मुलांसंगे बसून करून पाहावा, ही विनंती.