नाण्यासोबत चिठ्ठी हवी

नाणी जमवायला लागलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो : हा छंद एकट्याने करू नका. पैसे बेताचे असले तरी चालतं, पुस्तकं हळूहळू घेता येतात. पण आपलं नाणं तळहातावर घेऊन ‘बघू दे जरा’ म्हणणारी चार माणसं पहिल्यापासून हवीत. असं का म्हणतो, ते आमच्याच गावातल्या एका संग्रहाची हकिकत वाचलीत की कळेल.

संग्रह होता एका निवृत्त गुरुजींचा. पोटाला चिमटा काढून त्यांनी आयुष्यभर नाणी घेतली. स्वभाव अबोल, त्यात चोरीची धास्ती. नाणी कुणाला दाखवायची नाहीत, काही अडलं तरी कुणाला विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्ही काही संग्राहक महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसतो. बोलावूनही ते कधी आले नाहीत. ते गेल्यावर काकूंनी मला निरोप धाडला.

“भाऊ, ह्यांनी जिवापाड जपलंय हे सगळं. खरं काय, खोटं काय, तेवढं सांगा. मुलं म्हणतात, सराफाकडे वजनावर देऊन टाकू.”

पेटीत मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत शिवराया होत्या, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. पाकिटं चिकट झालेली, तांब्यावर हिरवट ओशट थर चढलेला. पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं आणि ते धातू खातं. काही शिवराया चिंच-मीठ लावून लख्ख घासलेल्या होत्या. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत जमलेला तपकिरी थर गेला होता आणि त्याबरोबर ‘श्री राजा शिव’ या अक्षरांची धारही.

मग कापसात गुंडाळलेला एक होन निघाला. त्यासाठी काकूंच्या पाटल्या मोडल्या होत्या. मी भिंग लावलं. अक्षरांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसले. ओतीव धातूत हवेचे बुडबुडे अडकले की असे खळगे राहतात. कडेवर साच्याची जोडरेष होती, कानशीने घासून पुसट केलेली. शिवकाळातली नाणी ठसा ठेवून हातोड्याच्या घावाने पाडलेली असतात. त्यांच्या कडेवर अशी रेष येईलच कुठून? वजनही पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, ते बरंच कमी भरलं. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ. तो समोर आला तर जाणत्यांनीही आधी संशयच घ्यावा. रविवारच्या बैठकीत हा होन नुसता टेबलावर ठेवला असता, तरी पाटल्या वाचल्या असत्या. काकूंना हे सांगताना माझी जीभ रेटेना.

पण माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान होनाचं नव्हतं. एका पुरचुंडीत बऱ्याच शिवराया एकत्र बांधलेल्या होत्या, सगळ्यांवर एकाच रंगाची माती. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता : ‘विहिरीची’. कुठल्या गावची विहीर, कुणी खणली, सोबत आणखी काही निघालं का, हे सांगणारा माणूस गेला होता.

ठिकाण ठाऊक असलं आणि नाणी एकत्र अभ्यासली गेली तर काय हाती लागतं, याचा दाखला आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. जोगलथेंबी इथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा मोड केला, याचा एवढा खणखणीत पुरावा त्या साठ्याने दिला. तीच नाणी घरोघर वाटली जाऊन घासली गेली असती, तर उरली असती नुसती चांदी.

गुरुजींच्या घरी पुढे आम्ही चौघे-पाचजण एकत्र बसलो. एकाला मराठ्यांच्या नाण्यांची जाण, दुसऱ्याला ब्रिटिश रुपयांची, तिसरा नुसत्या टांकसाळींच्या खुणांवरून बोलणारा. एकेक नाणं वेगळं केलं, यादी लिहिली, खऱ्या नाण्यांचे रास्त भाव मुलांसमोर सांगितले. वजनावर विकायचा बेत त्यांनी सोडला. पण हेच काम गुरुजी असताना झालं असतं तर त्यांना किती आनंद मिळाला असता, हे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो.

घेण्याआधी दाखवा. विकणारा घाई करत असेल तर हटकून थांबा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो, वजन आणि व्यास एवढं जाणकाराला कळवलं तरी निम्मं काम होतं. ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं म्हणून १८१८ साल कोरलेले रामदरबाराचे तुकडे खेडोपाडी फिरतात. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. तांदूळ ओढून घेणारं ‘राइस पुलर’ नाणं ही तर शुद्ध फसवणूक आहे. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, पण आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचनाच दिली आहे की, जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क मागत नाही.

घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही नाण्याला लावू नका. नाणं कडेला धरा, खाली मऊ कापड ठेवा. आम्लरहित कागदाचं पाकीट उत्तम. कोकणासारख्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वेळच्या वेळी बदला. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा.

सापडलेलं लपवू नका. जमिनीतून धन निघालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. ‘विहिरीची’ नाणी अशीच असणार. विकत घेणाऱ्यानेही मातीने माखलेला साठा पाहून हुरळू नये. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून जुनी नाणी देणाऱ्यांनीही जपावं. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे.

विचारणाऱ्याला हिणवू नका. ही विनंती जुन्याजाणत्यांना. नवखा मुलगा १८६२ चा राणीछाप रुपया घेऊन येतो आणि ‘काका, याचे किती येतील?’ म्हणून विचारतो. हसण्यावारी नेलंत तर तो पुन्हा येणार नाही. त्याला जवळ बसवा. १८६२ हे साल रुपयावर १८७४ पर्यंत तसंच राहिलं, म्हणून हा रुपया मुबलक मिळतो, हे सांगा. मग मागच्या बाजूचे बारीक ठिपके भिंगातून दाखवा. त्यांवरून संग्राहक या रुपयाचे प्रकार पाडतात. भाव विचारायला आलेला मुलगा ठिपके मोजत बसेल. शिवराईवरच्या ‘शिव’ आणि ‘सिव’, ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’ अशा लेखनभेदांची माहितीही अशीच, एकाने आपलं नाणं दुसऱ्याच्या नाण्याशेजारी ठेवल्यामुळे जमत गेली आहे.

गावात सोबती नसतील तर ते शोधावे लागतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था १९८० पासून आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे. शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे खरेदीआधी नुसतं पाहा, ऐका, ओळखी करून घ्या. चोरीची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे : संग्रह कुठे ठेवता ते सांगू नका, बैठकीला दोन-तीनच नाणी न्या. माहिती मात्र हातचं न राखता द्या.

आणि प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी ठेवा : काय आहे, वजन किती, कुठून आणि कधी घेतलं, किती दिले, कुणी तपासलं. खुणेच्या भाषेत नको, घरातल्यांना वाचता येईल अशी लिहा. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर विश्वासाच्या दोन स्नेह्यांची नावं, फोन नंबर लिहा. मग घरच्या एका माणसाला शेजारी बसवून तो कागद दाखवा. हे काम एका संध्याकाळचं आहे. याच आठवड्यात करा.